वर्गबोली आणि रहस्यकथा

एखाद्या व्यवसायातील माणसे आपसांत जी बोली वापरतात, तिचा हेतू केवळ सोयीचा नसतो. आपला कोण आणि परका कोण, हे ठरविण्याचे कामही ती करीत असते. अमेरिकेतील फिरत्या जत्रांत खेळ, पाळणे व दुकाने चालविणाऱ्या लोकांची बोली हे याचे ठळक उदाहरण होय. डेव्हिड मॉरर या भाषाभ्यासकाने तिचा शब्दसंग्रह १९३१ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

या बोलीचे दोन थर दिसतात. पहिला शब्दांचा : 'मार्क' म्हणजे सहज फसणारे गिऱ्हाईक, 'रूब' म्हणजे गावंढळ प्रेक्षक. दुसरा थर ध्वनींचा. त्यात व्यंजन व स्वर यांच्या मध्ये 'ईअझ' असा ध्वनिगट घालतात. त्यामुळे 'टेंट'चे 'टीअझेंट' होते. शब्दाचे आद्य व्यंजन शेवटी नेऊन त्याच्या जागी 'च' बसविणारी आपल्याकडील मुलांची 'च'ची भाषा याच जातीची. मात्र मुलांचा जो खेळ, तोच जत्रेत पोटापाण्याचा भाग होतो. कारण गिऱ्हाइकासमोरच, पण त्याला न कळेल असे बोलावे लागते.

स्टीफन किंग यांच्या 'जॉयलँड' (२०१३) या कादंबरीत या बोलीचा उपयोग रहस्यरचनेसाठी झाला आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात डेव्हिन जोन्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी नॉर्थ कॅरोलिनातील एका करमणूक-उद्यानात नोकरीस लागतो. तेथील भुताटकीच्या घरात पूर्वी एका तरुणीचा खून झालेला असतो. डेव्हिन व त्याचे सोबती उद्यानाची बोली शिकतात, आणि हळूहळू तेथील लोकांत सामावले जातात. यांतील सर्वच शब्द अस्सल नाहीत. प्रेक्षकांसाठी योजलेला 'कोनी' हा शब्द जत्रेतील लोकांत कधीच नव्हता, हे किंग यांनी ग्रंथाच्या अखेरीस स्वतःच मान्य केले आहे. परंतु बोलीचे कार्य त्यामुळे बदलत नाही. शब्द कल्पित असला, तरी तो जाणणारा आतला आणि न जाणणारा बाहेरचा, ही विभागणी खरीच राहते.

कथेचे मर्म येथेच आहे. खुनी बाहेरून आलेला नसतो. उद्यानातील मोठा पाळणा चालविणारा, या बोलीत मुरलेला आणि डेव्हिनशी प्रथमपासून स्नेहाने वागणारा लेन हार्डी हाच तो निघतो. त्याला उघडे पाडते ते त्याचे बोलणे नव्हे. जुन्या छायाचित्रांत संशयिताच्या डोक्यावरील टोपी कधी एका बाजूस, तर कधी दुसऱ्या बाजूस कललेली दिसते, आणि टोपी अशी सारखी हलविण्याची सवय डेव्हिनने हार्डीच्या ठिकाणी रोज पाहिलेली असते.

बोली शिकता येते, म्हणून ती सोंगालाही उपयोगी पडते. नकळत जडलेली अंगाची सवय तशी सहजासहजी लपत नाही. समान बोली माणसाला समूहात प्रवेश मिळवून देते, पण त्याच्या सचोटीची हमी देत नाही. नवख्या तरुणाला हे उशिरा उमगावे, यातच या रहस्यकथेचे खरे दुःख आहे.