बेळगुंदीचा पंचायत-कारभार

बेळगाव शहराच्या पश्चिमेस, राकसकोप जलाशयाच्या बाजूस वसलेल्या बेळगुंदीत सरकार म्हणून सामान्य माणसाला नित्य भेटते ती ग्रामपंचायत. घरपट्टीची वसुली, नळाचे पाणी, गटारांची सफाई, रस्त्यावरचे दिवे आणि घराचा उतारा, एवढाच तिचा व्याप, पण संसाराची घडी बहुतांशी त्यावरच बसते.

१९९३ च्या कर्नाटक पंचायत राज कायद्यान्वये साधारणतः चारशे लोकसंख्येमागे एक सदस्य निवडला जातो, निवडणूक पक्षचिन्हांविना होते आणि दफ्तराची जोखीम पंचायत विकास अधिकारी, लोकांच्या तोंडचा ‘पीडीओ’, सांभाळतो. मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेलेल्या या मुलखात ज्याचे सारे आयुष्य मराठीत गेले, त्या वृद्ध शेतकऱ्याला स्वतःच्याच घराचा कन्नड उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते कारभारातील खरी अडचण हीच आहे. कारण जो कागद वाचता येत नाही, त्यातील चूक वेळीच हेरणार कोण?

त्यावर उपाय घटनेतच आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकास आहे. कायद्याने ग्रामसभाही सहा महिन्यांतून निदान एकदा भरवावीच लागते, आणि जमाखर्चाचा जाब विचारण्याची हीच हक्काची जागा. तेव्हा बेळगुंदीकरांनो, पुढच्या ग्रामसभेस अवश्य जा आणि आपला अर्ज मराठीत देऊन त्याची पोच मागून घ्या.