पुठ्ठ्याचे दोन रुपये

हिंगोलीच्या मोंढ्याजवळ आमचं किराणा दुकान. २०११च्या जूनअखेर चार आणे अधिकृतपणे बंद झाले, त्या सुमाराचा हा दिनक्रम. एक-दोन रुपयांची नाणीही तेव्हा मिळेनाशी झाली होती.

सकाळी सात. शटर उघडून, अगरबत्ती लावून आधी गल्ल्यातली चिल्लर बघायची. ती पुरणार नसेच. मग साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापायचा, त्यावर दुकानाचा शिक्का, आकडा आणि वडिलांची सही. पत्र्याचे बिल्ले जास्त टिकले असते. पण पैसा म्हणून चालवायला खासगी माणसाने धातूचे तुकडे पाडण्यावर इंग्रजांनी १८८९ सालीच कायद्याने बंदी घातली होती आणि २०११च्या नाणे कायद्यानेही ती कायम ठेवली.

आठ वाजता भवानी, तीही शंभराच्या नोटेने.

“काकू, दोन रुपये राहिले. चॉकलेट देऊ?”

“चॉकलेट नको रे बाबा. उद्या तेच आणलं तर साखर देशील का? चिठ्ठी दे.”

काकूंचं म्हणणं रास्त होतं. चॉकलेट म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलेला माल. चिठ्ठी म्हणजे आमच्यावरचं देणं.

दहानंतर मोंढा भरायचा. हळदीच्या हंगामात वसमत, सेनगावकडचे शेतकरी पट्टीचे पैसे घेऊन बाजाराला येत. हातात मोठ्या नोटा आणि गावाकडची गाडी गाठायची घाई. इथे वडिलांचा नियम कडक होता: परगावच्या माणसाला चिठ्ठी द्यायची नाही. तो पुन्हा कधी येणार, आणि औंढ्याच्या दुकानात आमची सही कोण ओळखणार? जपून ठेवलेली नाणी त्यांच्यासाठी असत. नाणी संपली, तर दोन रुपये आम्ही सोडायचे. मला हा नियम आजही पटतो, कारण अशा चिठ्ठीची पत दुकानदाराचं नाव पोहोचतं तेवढीच. इंग्लंडमध्ये १६४८ ते १६७२ या काळात दुकानदारांनी आपल्या नावाचे तांब्या-पितळेचे बिल्ले चालवले. ते मुख्यतः आपापल्या गावापुरते चालले आणि राजाने तांब्याची सुटी नाणी काढल्यावर बंद झाले.

दुपारी गर्दी ओसरे. एसटीचे कंडक्टर सुट्टे मागायला डोकावत. त्यांची रीतही हीच, उरलेले पैसे तिकिटामागे लिहून द्यायचे. फरक इतकाच, की प्रवासी उतरण्याआधी त्यांना हिशेब मिटवावा लागे.

संध्याकाळी चिठ्ठ्या गल्लीत फिरत. शेजारचा चहावाला त्या घेई, पानटपरीवाला घेई, आम्हीही त्यांच्या घेत असू.

रात्री नऊला चहावाला आमच्या चिठ्ठ्यांची चळत घेऊन येई. त्याच्या आमच्याकडे आलेल्या वजा करून फरक रोख द्यायचा. भिजलेली, फाटकी चिठ्ठीही परत करायची नाही, शिक्क्याचा कोपरा दिसला तरी पैसे द्यायचे. मग वही. दिलेल्या किती, परत आलेल्या किती, बाहेर किती. बाहेर असलेल्यांची रक्कम गल्ल्यातून आधी बाजूला काढायची, आणि उरलेल्या पैशांत दिवसाची कमाई मोजायची.