दुसरी चकती

हुरड्यात आलेल्या जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या पोराला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही : पाखरू दिसते तेथे गुंडा सोडला तर तो पाखराच्या मागे पडतो, पाखरू जेथे पोहोचणार असेल तेथे तो सोडावा लागतो. स्थिर लक्ष्यावर गोळी झाडणारा एक आणि धावत्या चकतीवर छर्रे उडवणारा दुसरा, असे नेमबाजीचे जे दोन संप्रदाय आहेत, त्यांपैकी दुसऱ्याचे सारे शास्त्र याच अनुभवावर उभे आहे.

या संप्रदायाचा उगम मात्र फारसा अभिमानास्पद नाही. ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा. आणि युरोपातील धनिक मंडळी जिवंत कबुतरे पेटाऱ्यांतून सोडून त्यांच्यावर बंदुका चालवीत, त्या करमणुकीचे नाव पुढे या खेळाला चिकटले. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, जेथे नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारताच्या नावे धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली, तेथेच सुमारे ३०० कबुतरांचा संहार करून एक स्पर्धा पार पडली. पुन्हा तसे कधी घडले नाही, याचे समाधान वाटते. तत्पूर्वीच, १८८० च्या सुमारास, सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगाउस्की यांनी भाजलेल्या मातीची चकती काढली होती, आणि कबुतराची जागा हळूहळू तिने घेतली. आजची चकती मातीची उरलेली नाही. डांबर आणि चुनखडीची पूड यांच्या मिश्रणाची, ११ सेंटिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची ती एक उथळ बशी असते. तिच्यातून दिसण्याजोगा एक जरी तुकडा उडाला तर नेम लागला असे पंच मानतात. नुसती धूळ उडाली तर मानीत नाहीत. बंदूक बारा बोअरची दुनळी, आणि काडतुसात छर्रे फार तर २४ ग्रॅम.

साध्या ट्रॅपच्या प्राथमिक फेऱ्यांत एकाच चकतीसाठी दोन काडतुसांची मुभा असते. पहिला बार चुकला तरी दुसरा हाताशी राहतो. ‘डबल ट्रॅप’ या प्रकारात ही सवलत काढून घेतलेली होती. समोर १५ मीटरवरच्या खंदकातून, नेमबाजाने साद घालताच, ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने दोन चकत्या एकदम सुटत, आणि प्रत्येकीच्या वाट्याला एकच बार येई. पहिली चकती जवळ असतानाच फोडता येते; परंतु तोपर्यंत दुसरी थांबून राहत नाही, ती दूर गेलेली असते, लहान दिसू लागलेली असते, आणि पहिल्या बाराच्या धक्क्याने हललेली नळी सावरून नेमबाजाला तिच्या वाटेवर, तिच्याही पुढे, न्यावी लागते. नळी चकतीशी येऊन थबकली की छर्रे मागे पडलेच म्हणून समजावे. पहिलीचा आनंद वा विषाद मनात क्षणभरही रेंगाळला तर दुसरी हातची गेली; म्हणून या स्पर्धेची खरी परीक्षा दुसऱ्या चकतीपाशी होत असे, असे मला वाटते.

१७ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्सजवळच्या मार्कोपुलो येथील मैदानात ऑलिंपिकची पुरुषांची जी डबल ट्रॅप स्पर्धा झाली, तिच्यात अशा १५० चकत्यांच्या प्राथमिक फेऱ्या आणि नंतर सहा जणांची ५० चकत्यांची अंतिम फेरी होती. दुबईच्या राजघराण्यातील शेख अहमद अल मक्तूम हे एकेकाळचे स्क्वॉशपटू. वयाच्या चौतिशीत त्यांनी बंदूक हाती धरली होती. प्राथमिक फेऱ्यांत त्यांनी १५० पैकी १४४ चकत्या फोडल्या आणि सुवर्णपदकाचा प्रश्न जवळजवळ तेथेच निकालात काढला. खरी झुंज त्यांच्या मागे चालली होती. भारतीय लष्कराच्या ग्रेनेडियर्स पलटणीतील मेजर राज्यवर्धनसिंह राठोड, जे पुण्याजवळच्या खडकवासल्यातील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडले होते, त्यांच्या खात्यावर अंतिम फेरीपूर्वी १३५ चकत्या जमा होत्या. चीनचे वँग झेंग त्यांच्या दोन पुढे, १३७ वर होते. एका जोडीत दोन चकत्या. म्हणजे अवघ्या एका जोडीचे अंतर! ते तोडण्यासाठी राठोड यांना पंचवीस जोड्या होत्या, आणि त्यांतून त्यांनी ५० पैकी ४४ चकत्या टिपल्या. वँग ४१ वर राहिले. अल मक्तूम १८९, राठोड १७९, वँग १७८ : पहिल्या आणि दुसऱ्या स्थानात दहा चकत्यांचे अंतर, दुसऱ्या आणि तिसऱ्यात केवळ एकीचे.

त्या एका चकतीचे मोल भारताच्या दप्तरात फार मोठे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवल्यापासून लिअँडर पेस आणि कर्णम मल्लेश्वरी यांच्यापर्यंत स्वतंत्र भारताची वैयक्तिक पदके सारी कांस्याचीच होती; बावन्न वर्षांनी प्रथमच त्यापुढची पायरी गाठली गेली. त्या ऑलिंपिकमध्ये भारताला मिळालेले पदकही हे एकच. अल मक्तूम यांचे सुवर्ण म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचे पहिलेवहिले ऑलिंपिक पदक. आणि पुढे त्यांनीच शिकवून तयार केलेले पीटर विल्सन २०१२ साली लंडनमध्ये याच प्रकारात विजेते झाले.

अटलांटात १९९६ साली सुरू झालेला हा प्रकार २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. स्पर्धाप्रकारांची फेररचना करताना हीच स्पर्धा का गेली, याचे दुःख ती जवळून पाहिलेल्यांना अजून आहे, आणि ते मला रास्त वाटते. ज्या मैदानांवर ती खेळली जाई तेथे आता साधा ट्रॅप चालतो. खंदकातील पंधरा यंत्रांपैकी मधली सातवी, आठवी आणि नववी ही तीन यंत्रे डबल ट्रॅपसाठी वापरली जात. ती आजही त्याच जागी काम करतात, मात्र एका सादेला आता एकच चकती बाहेर येते.