घरच्या गॅरेजातील ‘हॉट रॉड’: चौकट सरळ, तर गाडी सरळ

कॅलिफोर्नियातील हौशी कारागिरांनी जुन्या मोटारींना शक्तिशाली इंजिने बसवून ‘हॉट रॉड’ घडवले. १९३२ ची फोर्ड त्यांची विशेष आवडती. तिच्या चॅसीच्या लांब तुळया एका बाजूने उघड्या असतात. वाढीव शक्ती पेलण्यासाठी ती बाजू पोलादी पट्टी वेल्ड करून बंद करतात.

घरी हे काम करताना खरी परीक्षा उष्णतेची असते. सांधा थंड होताना आकसतो आणि तुळई वाकते. म्हणून चौकट सपाट, भक्कम आधारावर आवळून प्रथम ठिकठिकाणी केवळ ‘टॅक’ मारतात. दोन्ही कर्ण समान भरले, तरच ती तिरकी नाही असे समजावे. मग लहान टप्प्यांत, आलटून पालटून सांधे पूर्ण करत पुन्हा मोजमाप घेतात.

वाकड्या चौकटीची गाडी वेगात एका बाजूला ओढते. कच्चा सांधा तर जिवावरच बेततो.