लिनक्सवर बॅकअप घेताना : कोणते साधन कशासाठी?

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेचा संगणक एका सकाळी सुरूच झाला नाही. हार्ड डिस्क गेली होती. तिच्यासोबत घरोघरी फिरून केलेल्या सर्वेक्षणाचे तक्ते आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखतींचे रेकॉर्डिंगही गेले. त्या कार्यकर्त्यांपैकी दोघे आज हयात नाहीत. संगणक दुसरा आणता आला, त्यांचा आवाज नाही.

गंमत म्हणजे त्या संगणकावर बॅकअप 'चालू' होता. लिनक्स मिंटसोबत येणारे टाइमशिफ्ट आम्ही लावले होते. चूक इथेच झाली. टाइमशिफ्ट हे संगणकाच्या यंत्रणेसाठी आहे. एखादे अपडेट बिघडले तर ते यंत्रणा आधीच्या स्थितीत नेते. आपल्या फाईली ज्या होम फोल्डरमध्ये असतात, तो मात्र ते मुळात वगळते. शिवाय आमची प्रत त्याच डिस्कवर होती. डिस्क गेली, प्रतही गेली.

म्हणून पहिला प्रश्न : जपायचे काय आहे? यंत्रणा पुन्हा टाकता येते. आपल्या फाईलींसाठी वेगळे साधन हवे. कमांड न लिहिता, खिडकीतली बटणे दाबून चालणारी काही साधने अशी :

डेजा डुप : नवख्यांसाठी सर्वांत सोपे. कोणते फोल्डर, कुठे ठेवायचे, रोज की आठवड्याला, एवढेच विचारते. पासवर्ड लावता येतो. प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवता येते.

बॅक इन टाइम : प्रत साध्या फाईलींच्या रूपात ठेवते, त्यामुळे ती कुठल्याही फाईल मॅनेजरमधून उघडते. न बदललेली फाईल पुन्हा जागा खात नाही. त्यासाठी बाहेरची डिस्क ईएक्सटी४ सारख्या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये हवी. फॅट फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह चालत नाही.

पिका बॅकअप आणि व्होर्टा : दोन्ही बोर्ग या साधनावर चालतात. सारखा मजकूर एकदाच साठवतात, त्यामुळे जागा वाचते, आणि प्रत पासवर्डने कुलूपबंद करता येते. पिका सोपे आहे, व्होर्टात पर्याय जास्त.

निवडताना दोन गोष्टी पाहा. एक, संगणक कोण हाताळणार? कार्यकर्ते बदलत राहतात. एकालाच समजेल असे साधन तो गेल्यावर निरुपयोगी ठरते. दोन, माहिती कोणाची आहे? लोकांनी विश्वासाने सांगितलेली जात, उत्पन्न, फोन नंबर उघड्या डिस्कवर फिरता कामा नये. तिथे पासवर्ड लावलेली प्रतच हवी. पण तो पासवर्ड हरवला तर प्रत कोणालाच उघडता येणार नाही. तो कागदावर लिहून दोन जबाबदार माणसांकडे ठेवा.

जगभर ३-२-१ हा नियम पाळला जातो : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एक डिस्क कार्यालयात आणि एक कार्यकर्त्याच्या घरी ठेवली, तरी हे जमते.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाईल परत काढून उघडून पाहा. जो बॅकअप कधी उघडून पाहिलाच नाही, त्याच्यावर विसंबू नका. आम्ही विसंबलो होतो.