श्यामची आई : पुस्तकांतील व पडद्यावरील

गेल्या वर्षीं पालकसभा आटोपल्यावर एका पालकांनीं आम्हांस प्रश्न केला, "सर, सिनेमा अडीच तासांत सगळी गोष्ट सांगतो. मग पोरांना महिनाभर पुस्तक कशाला वाचायला लावतां?" प्रश्नांत कुचेष्टा नव्हती. ज्या घरांत ऊस, गुरें आणि पाण्याची पाळी यांभोंवतीं सारा दिवस फिरतो, तेथें मुलाच्या वेळाचा हिशेब होणें स्वाभाविक आहे. आम्हीं कांहींतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. त्या उत्तरानें त्यांचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं. त्याच सुमारास 'श्यामची आई' या पुस्तकांतील आवडलेला प्रसंग लिहावयास सांगितला असतां तिघां विद्यार्थ्यांनीं छडीच्या गाण्याचा प्रसंग लिहिला. तें गाणें पुस्तकांत नाहींच. तेव्हां राहिलेलें उत्तर या अंकांतून द्यावें, आणि आवडत्या पुस्तकावरून काढलेलें चित्र त्या पुस्तकास कितपत उतरलें आहे हें कसें पारखावें, याचा विद्यार्थ्यांबरोबर थोडा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दोन्ही कृतींची ओळख करून घेऊं. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आपले साने गुरुजी, यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांत पालगड येथें झाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० पर्यंत ते शिक्षक होते. तेथील वसतिगृहाच्या मुलांसाठीं त्यांनीं 'छात्रालय दैनिक' नांवाचें हस्तलिखित चालविलें. पुढें स्वातंत्र्याच्या चळवळींत त्यांस कारावास घडला, आणि नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालच्या फेब्रुवारींत अवघ्या पांच दिवसांत त्यांनीं या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. त्यांतील प्रकरणांस 'रात्र' असें नांव आहे, व अशा बेचाळीस रात्री आहेत. आश्रमांतील प्रार्थना संपल्यावर श्याम आपल्या सोबत्यांस आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी आहे.

चित्रपट आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांनीं काढला व तो १९५३ सालीं प्रदर्शित झाला. गुरुजींच्या दृष्टीस तो पडला नाहीं. ११ जून १९५० रोजींच ते निवर्तले होते. आईचें काम वनमालाबाईंनीं व बालश्यामचें माधव वझे यांनीं केलें. संगीत वसंत देसाई यांचें आहे. १९५४ सालीं राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यांत आले, तेव्हां सर्व भारतांतील उत्कृष्ट कथाचित्र म्हणून राष्ट्रपतींचें सुवर्णपदक याच मराठी चित्रास मिळालें. अत्रे हे आपल्याच पुणें जिल्ह्यांतील, सासवडजवळच्या कोढीत गांवचे. तेही पुण्यास पुष्कळ वर्षें मुख्याध्यापक होते. म्हणजे एका शिक्षकानें लिहिलें आणि दुसऱ्या शिक्षकानें दाखविलें. मुलांपर्यंत गोष्ट कशी पोंचवावी याची विद्या दोघांसही अवगत होती, हें ध्यानांत ठेवावें.

आतां पारख कशी करावी? बहुतेक मुलें प्रसंगांची मोजदाद करितात. "हा प्रसंग गाळला, तो बदलला, म्हणून चित्र वाईट," असा त्यांचा न्याय असतो. हा न्याय टिकणारा नाहीं. बेचाळीस रात्री अडीच तासांत बसवावयाच्या म्हटल्यास एकेका रात्रीच्या वांट्यास चार मिनिटेंसुद्धां येत नाहींत. सगळे प्रसंग घेतल्यास एकही नीट उमटणार नाहीं. तेव्हां गाळणें हा अपराध नव्हे. काय गाळलें व तें गाळल्यानें माणूस पालटला कीं काय, हें पाहावयाचें.

याचें एक उदाहरण घेऊं. 'देवाला सारी प्रिये' या रात्रींत एका वृद्ध महार बाईची मोळी खालीं पडलेली आई पाहते. ती श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरीं येऊन स्नान कर. या ठिकाणीं दोन गोष्टी आहेत : मोळी आणि स्नान. मोळी गाळली तर आईची करुणा जाते. स्नान गाळलें तर ती आजच्या काळांतील सुधारक बाई होते, आणि रूढीच्या चौकटींत राहूनही तिनें केवढें पाऊल टाकिलें हें मुलांस कळत नाहीं. याच आईच्या मुलानें पुढें १९४७ सालच्या मे महिन्यांत, पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून उपोषण केलें. आईचें अर्धें पाऊल मुलानें पुरें केलें, हा संबंध दोन्ही गोष्टी ठेवल्या तरच दिसतो. ज्यांनीं चित्र पाहिलें असेल त्यांनीं हा प्रसंग तेथें कसा हाताळला आहे तें स्वतः पडताळून पाहावें. खरी परीक्षा अशा ठिकाणीं होते.

दुसरी गोष्ट सांगणाराची. पुस्तकांत आपण जें ऐकतों तें मोठा झालेला श्याम सांगत असतो. आई जाऊन कित्येक वर्षें लोटलीं आहेत. आपण तिला कसें दुखविलें, हें त्यास आतां कळलें आहे. पोहण्याचा प्रसंग पाहा. श्याम पाण्यास भिऊन लपून बसतो. आई त्यास बाहेर ओढून शिंपटीनें झोडपते व विहिरीवर पाठविते. पडद्यावर शिंपटी दिसते, रडणारा मुलगा दिसतो, विहीर दिसते, आणि हें सारें आतां, आपल्या समोर घडत असतें. पुस्तकांत तोच मार एक प्रौढ माणूस कृतज्ञतेनें आठवीत असतो. एकांत भीति अधिक, दुसऱ्यांत पश्चात्ताप अधिक. चित्रास दृश्याचें बळ आहे. पण आठवणीचा ओलावा आणण्यास त्याला फार कष्ट पडतात. हा दिग्दर्शकाचा दोष नसून त्या साधनाचा स्वभाव आहे.

तिसरी गोष्ट पदरच्या भरीची. छडीचें गाणें काय, किंवा द्रौपदीनें श्रीकृष्णाच्या बोटास पीतांबराची चिंधी बांधल्याचें गाणें काय, हीं गुरुजींच्या लेखणींतून उतरलेलीं नाहींत. तीं अत्र्यांचीं आहेत. मग तीं घातलीं हें चूक झालें काय? आमच्या मतें, भर घातलेली वस्तु मूळच्या भावास धरून आहे कीं नाहीं, एवढेंच विचारावें. द्रौपदीच्या गाण्यांत महाग शालूपेक्षां प्रेमानें फाडलेली चिंधी मोठी ठरते. श्यामची आई दारिद्र्यांत राहून जें शिकविते तें याहून निराळें नाहीं. म्हणून तें गाणें पाहुणें असूनही घरचें वाटतें. छडीचें गाणें हंसवितें, व करुणरसानें जड झालेल्या चित्रांत थोडा विसांवा देतें. पण आमच्या तिघां विद्यार्थ्यांना सबंध पुस्तकांतून तेवढेंच आठवावें, हाही त्याचाच परिणाम आहे. भर घालणाराचें सामर्थ्य मोठें असलें कीं हा धोका राहतोच.

चौथी गोष्ट चेहऱ्याची. पुस्तक वाचतांना जो तो श्यामच्या आईस आपल्या आईचा चेहरा देतो. चित्र पाहिल्यावर तो चेहरा वनमालाबाईंचा होतो, व मग सहसा पुसला जात नाहीं. त्यांचा अभिनय इतका सात्त्विक आहे कीं तक्रार करण्यास जागा नाहीं. तरी वाचकाच्या हातांतून कांहींतरी निसटलें, हें खरेंच.

येथवर आम्हीं शिक्षक म्हणून लिहिलें. आतां थोडें घरचें सांगतों, कारण पालकांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथेंच सांपडलें.

आमचें बालपण निरवांगीस, नीरेच्या कांठीं गेलें. आमच्या आईस अक्षरओळख नव्हती. शेजारच्या घरीं दूरदर्शनचा संच होता. तेथें एका सायंकाळीं हें चित्र तिनें सर्व बायकांत बसून पाहिलें. आमचें घर ख्रिस्ती. कोंकणांतील ब्राह्मणाघरचे आचार आम्हांस परके होते. परंतु स्नान केलेल्या मुलाच्या तळव्यांस माती लागूं नये म्हणून आईनें पदर पसरला, आणि पायांना जपतोस तसें मनालाही जप म्हणून सांगितलें, हें समजण्यास तिला कोणाचें विवरण लागलें नाहीं. घरीं परत येतांना ती पोहण्याच्या प्रसंगाविषयीं म्हणाली, "त्या बाईनं पोराला न्हाई मारलं, त्याचं भ्याव मारलं." इतकें नेमकें रसग्रहण आम्हीं पुढें महाविद्यालयांतही क्वचित् ऐकलें.

नंतर आम्हीं शाळेच्या ग्रंथालयांतून पुस्तक आणलें आणि जेवणें झाल्यावर तिला रोज एक रात्र वाचून दाखवूं लागलों. वीज गेली कीं चिमणी लावीत असूं. आमचे वडील स्वभावानें तापट. भाजींत मीठ कमीअधिक झालें तर ताट सरकवून उठत. 'अळणी भाजी' या रात्रीं ते ओट्यावर बसून ऐकत होते. आई भाजींत मीठ घालावयास विसरते, श्यामचे वडील मिठाविषयीं एक शब्द न बोलतां जेवून उठतात, व आई स्वतः जेवावयास बसते तेव्हां तिला आपली चूक कळते, इतकीच ती गोष्ट. आमच्या आईनें हातांतील तांदूळ निवडणें थांबविलें. कोणी कोणाकडे पाहिलें नाहीं. वडील कांहीं न बोलतां निजावयास गेले. दुसऱ्या रात्रीं आम्हांस अभ्यास होता म्हणून पुस्तक काढलें नाहीं, तर वडिलांनींच विचारलें, "आज वाचणार न्हाईस व्हय?"

शेवटल्या रात्री जवळ आल्या तेव्हां आमचा आवाज अडखळूं लागला. आई म्हणाली, "थांबू नगंस. शेवट ठावं हाय मला, बघितलाय म्या. वाच तू." आम्हीं वाचलें.

आज आमचे आईवडील दोघेही नाहींत. परंतु त्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापुरतें तेव्हांच ठरून गेलें. चित्र नसतें तर आमच्या आईस श्यामची आई भेटलीच नसती. जिला वाचतां येत नव्हतें तिच्यासाठीं तें पुस्तकाचें दार होतें. आणि पुस्तक नसतें तर आमच्या वडिलांना ती गोष्ट आपल्या स्वतःच्या ओट्यावर, आपल्या ताटासमोर ऐकावी लागली नसती. चित्र आपल्या गतीनें पुढें जातें, आपल्यासाठीं थांबत नाहीं. पुस्तक थांबतें, वाचणारा थांबला कीं तें थांबतें, व दुसऱ्या रात्रीं पुन्हां तेथूनच सुरू होतें. गुरुजींनीं प्रकरणांस रात्र म्हटलें, तें आम्हांस यामुळें फार सार्थ वाटतें.

एकाच पुस्तकावरून पुन्हां पुन्हां चित्रें निघतात, हेंही येथें सांगितलें पाहिजे. लुइसा मे ऑल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या 'लिटल विमेन' या १८६८ सालच्या कादंबरीवरून १९३३, १९४९, १९९४ व २०१९ सालीं चित्रपट निघाले. 'श्यामची आई'वरही सुजय डहाके यांनीं नवें चित्र काढलें. तें १० नोव्हेंबर २०२३ रोजीं प्रदर्शित झालें. रंगीत चित्रांच्या काळांत त्यांनीं तें मुद्दाम कृष्णधवल ठेविलें. त्यांत साने गुरुजींची भूमिका ओम भूतकर यांनीं केली असून, ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तें उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलें. सत्तर वर्षांच्या अंतरानें दोन दिग्दर्शक एकाच पुस्तकाकडे वळले, आणि दोघांनीं आपआपल्या काळास जी आई दिसली ती दाखविली. पुस्तकांतील आई मात्र जेथल्या तेथें आहे. तिसऱ्यासही ती तेथेंच भेटेल.

विद्यार्थ्यांनीं चित्र पाहून आल्यावर वहींत चार प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. जें गाळलें त्यामुळें माणूस पालटला काय? गोष्ट कोण सांगत आहे, व सांगणारा बदलल्यानें भाव कसा बदलला? जी भर घातली ती मूळ भावास धरून आहे काय? आणि शेवटीं, चित्र पाहिल्यावर पुस्तक पुन्हां उघडावेंसें वाटलें काय? चौथ्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असेल, तर त्या चित्रानें पुस्तकाचें ऋण फेडलें असें खुशाल समजावें. अत्र्यांच्या चित्रास आम्ही स्वतः हें 'होय' देतों.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलांस चित्र अवश्य दाखवावें. पण त्यापूर्वीं किंवा त्यानंतर रोज एक रात्र त्यांच्याकडून मोठ्यानें वाचवून घ्यावी व आपणही जवळ बसावें. बेचाळीस रात्री म्हणजे दीड महिनाही नाहीं. उसाच्या एका पिकास याहून कितीतरी अधिक दिवस आपण देतों.