नाक घासून पिल्लू शिकत नाही

घरात पिल्लू आलं की सल्ल्यांना तोटा नसतो. त्यातला एक तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पिल्लानं घरात शी-शू केली की मान धरायची, नाक त्यात घासायचं, वर एक फटका द्यायचा. पुन्हा म्हणून करणार नाही! सोसायटीच्या लिफ्टमध्ये, पेट शॉपच्या काउंटरवर, पूर्वी कुत्री पाळलेल्या काकांकडून, सगळीकडे हेच ऐकू येतं. हे साफ चूक आहे. आणि त्याची शिक्षा दोन महिन्यांच्या जिवाला भोगावी लागते, म्हणून जास्त चीड येते.

आपण काय केलं आणि त्यामुळे काय झालं, याची सांगड पिल्लू घालतं ती काही क्षणांतच. तुम्ही संध्याकाळी दार उघडून दुपारची वाळत आलेली शू दाखवता, तेव्हा त्याला एवढंच उमगतं की माणूस घरी आला की मार पडतो. बरं, करताना पकडून मारलं तरी ‘फरशीवर करू नये’ हे त्याला कळत नाही. ‘या माणसासमोर करू नये’ एवढं मात्र पक्कं कळतं. मग तेच पिल्लू खाली अर्धा तास फिरून काही करत नाही आणि वर आल्याबरोबर सोफ्यामागे जाऊन मोकळं होतं. लोक त्याला हट्टी म्हणतात. ते भ्यायलेलं असतं. काही पिल्लांची तर आवाज चढला की जागच्या जागी शू होते. त्यावर पुन्हा ओरडलं की ती वाढतेच.

‘पण त्याला चूक कळते हो, तोंड बघा कसं करतो!’ हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. अमेरिकेतल्या बर्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं. ‘खायचं नाही’ असं बजावून मालक बाहेर जात. परत आल्यावर काही वेळा त्यांना कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही, याची मुद्दाम उलटी माहिती दिली जाई. पडलेले कान, चुकवलेली नजर, हा ‘अपराधी’ चेहरा मालक रागावल्यावर जास्त दिसला. कुत्र्यानं खरोखर खाल्लं होतं की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. तो चेहरा तुमच्या रागाला दिलेलं उत्तर असतो.

मग करायचं काय? त्याची वेळ ओळखायची. पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळून थांबलं की त्याला जावंच लागतं. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम दोन-तीन तास धरू शकतं, आणि जागं असताना तेवढंही नाही. म्हणून ते गोल फिरत जमीन हुंगायला लागलं की उचलायचं, ठरलेल्या एकाच जागी न्यायचं आणि झाल्याबरोबर तिथेच खाऊ द्यायचा. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात आल्याचा होतो, शू केल्याचा नाही. घरात झालंच तर न बोलता पुसायचं. फिनाईलनं नको, ते पंजांना लागतं, पिल्लू पंजे चाटतं आणि ते विषारी आहे. अमोनियाचा क्लीनरही नको, त्याचा वास लघवीसारखाच. साबणाच्या पाण्यानं पुसून वर एन्झाइमचा क्लीनर वापरावा, म्हणजे जुना वास पिल्लाला परत तिथे बोलावत नाही. हे सगळं अंगवळणी पडायला चार-सहा महिन्यांचं वय उजाडतं. तोवर चुका होणारच.

बाहेर नेण्याबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, ‘पहिली लस झाली, आता कुठेही फिरवा.’ आईकडून आलेली प्रतिपिंडं सुरुवातीच्या डोसांच्या आड येऊ शकतात, म्हणूनच लहान पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या (WSAVA) मार्गदर्शक सूचनांत शेवटचा डोस वयाच्या 16व्या आठवड्यात किंवा त्यानंतर द्यायला सांगितलंय. पार्व्हो या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तेव्हा भटकी कुत्री वावरतात त्या जमिनीवर पिल्लाला तोवर सोडू नये. दुसरं टोक म्हणजे चार महिने घरात कोंडणं. ओळखी करून घ्यायचं वय पहिल्या तीन महिन्यांतच सरत आलेलं असतं. कडेवर घेऊन रिक्षा, हॉर्न, छत्र्या, शाळेतली मुलं दाखवावीत. लसीकरण झालेल्या, तब्येतीनं चांगल्या कुत्र्यांच्या घरी न्यावं. गच्ची चालते, पण कठड्याच्या फटी आधी तपासाव्यात.

बाकीचे थोडक्यात. ‘लसूण दिला की गोचीड लागत नाही’ : लसूण आणि कांदा कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात, गोचिडीचं औषध पिल्लाचं वय आणि वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्यावं. ‘अनवाणी प्राणी आहे, पाय भाजत नाहीत’ : उन्हाळ्यात आधी आपला तळहात डांबरावर ठेवून पाहावा, पाच-सात सेकंद ठेववला नाही तर फिरायला नेऊ नये. ‘पावसाचं साचलेलं पाणी चाटलं तर काय होतंय’ : उंदीर-घुशींच्या लघवीतून त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात, आणि तो आजार माणसालाही होतो. ‘एवढ्याशा पिल्लाला कुठला रेबीज’ : पिल्लालाही होतो आणि त्याच्या चाव्यातून माणसालाही. रस्त्यावरच्या अनोळखी पिल्लाचा नुसता दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवावी, हळद-तिखट काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.